शब्दसंपत्तीचा निसाब

तिसरीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणे नाही, पूर्णविरामाला थांबणे बरोबर. तपासणीला साहेब आले की अशाच मुलांना मी आधी उभे करते. धड्यातल्या लाकूडतोड्याने काहीतरी चूक केलेली असते आणि शेवटी तो 'नादिम' होतो, असे वाक्य होते. वाचून झाल्यावर मी सहज विचारले, "नादिम म्हणजे काय ग?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "टीचर, नदीम तो मेरे मामू का नाम हय ना?"

वर्ग हसला, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते हसू टिकले नाही. नादिम म्हणजे पस्तावलेला, ओशाळलेला. हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. तरीही इतर तीस मुलांसारखी ती गप्प बसली नाही. अनोळखी शब्दाला तिने आपल्या ओळखीच्या एका शब्दाशी जोडून पाहिले. चूक तिची नव्हती. दोन वर्षे मी तिला अक्षरे वाचायला शिकवली होती आणि त्यालाच वाचन समजत होते.

बी.एड.ला आम्हाला आदर्श वाचन, प्रकट वाचन, मूकवाचन असे प्रकार शिकवले होते. पाठ-टाचणात 'उद्दिष्टे' या रकान्यात 'विद्यार्थ्यांच्या शब्दसंपत्तीत भर घालणे' असे एक वाक्य प्रत्येक वेळी लिहावे लागे. मीही ते शेकडो वेळा लिहिले. ही भर नेमकी कशी पडते, हे मात्र त्या दिवसापर्यंत मी स्वतःला विचारले नव्हते. मग वाटले, आपल्याकडे लहान मुलांना शब्द शिकवण्याची काही परंपरा असेलच की. ती शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडते आहे.

गाण्यातला शब्दकोश

तेराव्या शतकात फराह या गावात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, अबू नस्र फराही नावाचे एक विद्वान होऊन गेले. मुलांना अरबी शब्दांचे अर्थ फारसीतून कळावेत म्हणून त्यांनी एक छोटे पद्यमय पुस्तक रचले. त्याचे नाव 'निसाब-उस-सिबियान', म्हणजे मुलांचा निसाब. निसाब हा शब्द जकातीच्या हिशेबातला आहे, हे मुस्लिम वाचकांना सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगते. मराठीत जकात म्हटले की नाका आठवतो, पण इस्लाममध्ये जकात म्हणजे आपल्या मालमत्तेतला गरिबांसाठी बाजूला काढायचा हिस्सा. तो कोणावर बंधनकारक होतो? ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती आहे त्याच्यावर. ही मर्यादा म्हणजे निसाब. चांदीचा निसाब दोनशे दिरहमांचा असतो. फराहींच्या पुस्तकातही सुमारे दोनशे बैत होते, म्हणून त्याला हे नाव पडले असे सांगतात.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. आपण मराठीत 'शब्दसंपत्ती' म्हणतो. त्या माणसाने शब्दांना खरोखरच संपत्ती मानून त्यांचा निसाब ठरवला होता.

हा प्रकार इराणपासून हिंदुस्तानपर्यंत पसरला. आपल्याकडचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'खालिक बारी'. पुस्तकाची सुरुवात ज्या दोन शब्दांनी होते तेच त्याचे नाव झाले. एकाच ओळीत अरबी, फारसी आणि हिंदवी शब्द शेजारी शेजारी बसवलेले आणि सगळे तालात. पाणी, आग, भाऊ, बहीण, चूल, चाळणी असे रोजच्या वापरातले शब्द तीन भाषांत तोंडपाठ व्हायचे. पिढ्यानपिढ्या हे पुस्तक अमीर खुस्रोंचे मानले गेले. विसाव्या शतकात हाफिज महमूद शीरानी यांनी जुन्या प्रती तपासून, ते जहांगीरच्या काळातल्या जियाउद्दीन खुस्रो नावाच्या दुसऱ्याच माणसाचे आहे, असे मत मांडले. त्यांनी सिद्ध केलेली प्रत १९४४ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूने छापली. वाद अजून मिटलेला नाही. मकतबातल्या मुलांना अर्थात या वादाशी देणेघेणे नव्हते. त्यांना ते गाणे पाठ होते, एवढे पुरे होते.

आणि ही मुले केवळ मुसलमानांची नव्हती. १८३५ ते १८३८ या काळात विल्यम ॲडम यांनी बंगाल-बिहारमधल्या देशी शाळांची पाहणी केली. तिथल्या फारसी शाळांत त्यांना मुसलमानांपेक्षा हिंदू विद्यार्थी जास्त आढळले. फारसी ही तेव्हा नोकरीची भाषा होती, आज इंग्रजी आहे तशी.

आपल्या महाराष्ट्रातही शब्दांना छंदात बांधायची रीत होतीच. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या सुमारास करवून घेतलेला 'राज्यव्यवहारकोश' मराठी वाचकाला ठाऊक असतो. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पण तो कोश श्लोकांत आहे, हे पटकन लक्षात येत नाही. दहा वर्ग, जवळपास चौदाशे शब्द, आणि सगळे पद्यात. त्याचा हेतू वेगळा होता आणि तो मुलांसाठीही नव्हता. तरी एक समजूत दोन्हीकडे सारखीच दिसते, ती म्हणजे शब्द टिकवायचा असेल तर तो आधी कानात बसवायला हवा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून परवचा म्हणणारे घर आणि मगरिबनंतर खालिक बारी घोकणारे घर यांची भाषा वेगळी होती, पण मुलांना शिकवण्याची युक्ती एकच होती.

गालिबने लिहिलेले बालगीत

या परंपरेतले मला सर्वात आवडलेले पुस्तक मिर्झा गालिब यांचे आहे. हो, तेच गालिब. त्यांना सात अपत्ये झाली आणि एकही जगले नाही. पत्नीचा भाचा आरिफ याच्यावर त्यांचा फार जीव होता, तोही १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याची दोन लहान मुले, बाकर अली आणि हुसैन अली, पुढे गालिबच्या घरी वाढली. या मुलांबद्दल गालिबने एका पत्रात गोड तक्रार केली आहे. ती त्यांना जेवू देत नाहीत, दुपारी झोपू देत नाहीत, अनवाणी पायांनी पलंगावर चढतात, कुठे पाणी सांडतात, कुठे धूळ उडवतात.

याच मुलांसाठी गालिबने 'कादिरनामा' रचला असे मानले जाते. तो १८५६ मध्ये छापला गेला. खालिक बारीसारखेच फारसी आणि उर्दू शब्दांच्या जोड्यांचे ते छोटेसे पद्य पुस्तक आहे. ज्याच्या ओळीचा अर्थ लावता लावता आम्ही प्रौढ माणसे थकतो, तो कवी पोरांना 'कुत्र्याला काय म्हणतात आणि मांजराला काय म्हणतात' हे यमकात सांगत बसला होता. पुढच्याच वर्षी दिल्ली उद्ध्वस्त झाली. त्यानंतर काही वर्षांनी हेच गालिब 'बुरहान-ए-काते' या फारसी शब्दकोशातल्या चुका दाखवणारे पुस्तक लिहून विद्वानांशी कडाकडा भांडले. शब्दासाठी भांडणारा माणूस शब्द शिकवायला बसला तेव्हा मात्र दोन अनाथ मुलांच्या उंचीवर येऊन बसला.

पाठांतराची हद्द

पण या परंपरेचे गुणगान करून थांबले तर मी माझ्या वर्गातल्या त्या मुलीशी अप्रामाणिकपणा करेन. घोकून शब्द कानात बसतो, प्रतिशब्दही कळतो. तो वापरायचा कुठे, हे मात्र घोकून कळत नाही. 'नादिम म्हणजे शरमिंदा' हे यमकात पाठ करून घेतले असते तरी 'शरमिंदा' म्हणजे काय हा प्रश्न उरलाच असता. चूक केल्यावर आईसमोर उभे राहताना पोटात जे होते, त्याच्याशी शब्द जोडला गेला तरच तो मुलाचा होतो.

ॲडम यांनीही आपल्या अहवालात अशा मुलांबद्दल लिहिले आहे, ज्यांचे शिक्षण अर्थ न कळता कुराणातला काही भाग म्हणता येण्यापाशीच संपत असे. मी स्वतः आठव्या वर्षी नाजरा कुराण पूर्ण केले. घरात मिठाई वाटली गेली, मला नवा दुपट्टा मिळाला. अर्थ कळत नव्हता, तरी त्या तिलावतीचे माझ्या आयुष्यातले मोल कमी होत नाही. ती इबादत आहे, तिचे नियम आणि तिचा सवाब वेगळा. माझी तक्रार कुराण शिकवण्याविषयी नाही, आम्हा शिक्षकांविषयी आहे. इबादतीची ती पद्धत आम्ही नकळत उर्दूच्या, मराठीच्या, इतिहासाच्या पुस्तकाला लावली. मूल भराभर वाचते म्हणजे त्याला येते, असे आम्ही धरून चाललो. पालकही शाळेत येऊन एवढेच विचारतात, "रवाँ पढ़ता है ना?"

नजीर अहमद यांच्या मुली

घोकण्याच्या शेजारीच आपल्याकडे दुसरी वाटही होती, ती म्हणजे कोणीतरी गोष्ट वाचायची आणि इतरांनी ऐकायची. अमीर हमजाची दास्तान चौकात सांगितली जाई. पुढे छापील पुस्तके आल्यावर घरातला वाचता येणारा एक माणूस वाचे आणि अवघे घर ऐके. ही वाट मुलांच्या, त्यातही मुलींच्या शिक्षणाकडे वळवली ती डेप्युटी नजीर अहमद यांनी.

त्यांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. बिजनौरकडचा हा गरीब मुलगा दिल्लीच्या औरंगाबादी मशिदीत शिकायला राहिला. घरोघर फिरून भाकरी गोळा करायची आणि मौलवीसाहेबांच्या घरी मसाला वाटायचा, ही त्याची कामे. त्या घरातली एक लहान मुलगी त्याला वाटण वाटायला बसवी आणि हात थांबला की बोटांवर मारी. मोठेपणी तीच त्यांची पत्नी झाली, असा किस्सा फरहतुल्ला बेग यांनी लिहून ठेवला आहे. पुढे हा मुलगा दिल्ली कॉलेजात शिकला, शाळांचा डेप्युटी इन्स्पेक्टर झाला आणि नंतर डेप्युटी कलेक्टर.

इन्स्पेक्टर म्हणून शेकडो शाळा पाहिलेल्या या माणसाला स्वतःच्या मुलींना वाचायला देण्याजोगे एकही पुस्तक सापडेना. मग ते स्वतः लिहू लागले. थोडे लिहायचे, मुलींना द्यायचे. त्या वाचून संपवायच्या आणि पुढचे मागायच्या. यातून 'मिरात-उल-उरूस' तयार झाले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट. शेजारपाजारच्या बायकांनाही ती ऐकायची गोडी लागली. १८६८ मध्ये वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतल्या उपयुक्त पुस्तकांसाठी बक्षिसे जाहीर केली होती. या पुस्तकाला एक हजार रुपये मिळाले, सरकारने दोन हजार प्रती विकत घेतल्या, आणि गव्हर्नर म्यूर यांनी वर स्वतःतर्फे एक घड्याळ दिले. १८६९ मध्ये छापलेले हे पुस्तक उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते.

आज वाचताना त्यातला उपदेश जड वाटतो. अकबरी सगळी वाईट, असगरी सगळी चांगली. मुलीने शिकायचे ते घर नीट चालवण्यासाठी. हे आक्षेप खरे आहेत. पण शिक्षक म्हणून मला त्यातली भाषा दिसते. सासू-सुनेची बोलणी, मोलकरणीचा हिशेब, हज्जन बनून आलेल्या ठकबाईच्या गोड थापा, हे सगळे दिल्लीच्या घरांत बायका बोलत तसेच उतरले आहे. मुलींना माहीत असलेल्या जगात त्यांनी नवे शब्द पेरले. अनोळखी शब्दाच्या चारही बाजूंना ओळखीचे शब्द असले की मूल त्याचा अर्थ स्वतः ओढून काढते. खालिक बारीत शब्दाला जोडीदार मिळतो, गोष्टीत त्याला मोहल्ला मिळतो.

नानी आणि अकबरी

हे लिहिताना मला माझी नानी आठवते. तिला वाचता येत नव्हते. मराठवाड्यातल्या आमच्या घरी मिरात-उल-उरूसची शिवण उसवलेली एक प्रत होती. दुपारी नानी तांदूळ निवडायला बसली की मला हाक मारायची, "आ गे, पढ़ के सुना." मी चौथीत असेन. दिल्लीची ती उर्दू मला निम्मीसुद्धा कळत नव्हती, पण मी भराभर वाचायची. नानी मध्येच हात वर करायची.

"ठैर. हज्जन को घर में लिया कौन?"

मला सांगता यायचे नाही. मग मागे जाऊन परत वाचायचे. दुसऱ्यांदा वाचताना मला पहिल्यांदाच कळायचे, की अकबरी घरी एकटी होती, शेजारणी बोलत नव्हत्या, म्हणून गोड बोलणारी परकी बाई तिला जवळची वाटली. ते ऐकून नानी सुपातला खडा फेकत म्हणाली, "फिर उसका क्या क़सूर? उसको किसी ने सिखाया नै." नजीर अहमद यांनी अकबरीला दोषी ठरवले होते. माझ्या निरक्षर नानीने त्यांचा निकाल फिरवला.

आकलन म्हणजे काय, हे बी.एड.च्या आधी मला नानीने शिकवले होते. ते मला कळायला वीस वर्षे लागली. आमच्यात वाचणारी मी होते आणि समजणारी ती. तिने थांबवले नसते तर मी पुस्तक संपवले असते आणि काहीच मिळवले नसते.

कोण जिंकले?

पुढच्या पिढ्यांनी हा धागा सोडला नाही. इस्माईल मेरठी (१८४४-१९१७) यांनी उर्दूच्या क्रमिक पुस्तकांत गाय, पाऊस, पाणचक्की आणली आणि मुलांच्या तोंडी बसणारी सोपी भाषा आणली. गुजरातीत गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक वर्ग ताब्यात आणतो तो गोष्ट सांगून. आणि मराठी घरांतले सर्वात लाडके पुस्तक, 'श्यामची आई', प्रकरणांत नव्हे तर रात्रींत विभागलेले आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले, पण रचना ठेवली ती कोणीतरी सांगतो आहे आणि मित्र ऐकताहेत, मधून विचारताहेत अशी.

उर्दूत याच तोडीची एक गोष्ट आहे, 'अब्बू खाँ की बकरी'. लेखक डॉ. झाकिर हुसैन, पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले. फ्रेंच लेखक आल्फाँस दोदे यांच्या गोष्टीवरून त्यांनी ती लिहिली आणि अल्मोड्याच्या डोंगरात नेऊन बसवली. ती त्यांनी स्वतःच्या नावाने नव्हे, 'रुकय्या रैहाना' या नावाने प्रसिद्ध केली. रैहाना ही त्यांची लहानपणीच गेलेली मुलगी.

त्या 'नादिम' प्रसंगानंतर मी धड्याचा तास आठवड्यातून दोनदा बाजूला ठेवला आणि ही गोष्ट वर्गात मोठ्याने वाचायला घेतली. मुलांची पुस्तके बंद. वाचणार मी, ऐकणार ती. आधी चारच शब्द निवडले होते. शब्द आला की थांबायचे, अर्थ लगेच सांगायचा नाही, "काय असेल?" असे विचारायचे. कोणी दख्खनीत सांगे, कोणी मराठीत. मराठी तर फार उपयोगी पडते. दप्तर, शाई, हजेरी, तक्ता, रजा हे मुलांच्या रोजच्या मराठीतले शब्द फारसी-अरबीतूनच आलेले आहेत, हे कळले की उर्दूतला नवा शब्द परका राहत नाही. औरंगाबादेत राहून उर्दूची सेवा करणाऱ्या मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर एक पुस्तिकाच लिहिली होती. आमची मुले ती पुस्तिका बोलून दाखवतात.

गोष्टीतली चाँदनी नावाची बकरी दावे तोडून डोंगरात पळून जाते. रात्री लांडगा येतो. ती रात्रभर शिंगांनी झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरचे पक्षी वाद घालतात, की जिंकले कोण? बहुतेक म्हणतात लांडगा. एक म्हातारी चिमणी मात्र म्हणते, चाँदनी.

मी पुस्तक मिटले आणि तोच प्रश्न वर्गाला विचारला. पाच मिनिटे नुसता गोंगाट. मग ती मामूवाली मुलगी उभी राहिली.

"टीचर, चाँदनी मर गई, पन नादिम नै हुई."

हा शब्द त्या गोष्टीसाठी निवडलेल्या चार शब्दांत नव्हता. महिन्यापूर्वीच्या लाकूडतोड्याकडून तो तिने आपणहून उचलून आणला होता. त्या दिवशी मी पाठ-टाचणातल्या 'शब्दसंपत्तीत भर' या वाक्यापुढे पहिल्यांदाच मनापासून बरोबरची खूण केली.

जकात

पालकसभेत मी हे सांगते तेव्हा एखादी आई हमखास म्हणते, "बाजी, हमको पढ़ना कहाँ आता?" मी तिला माझ्या नानीची गोष्ट सांगते. तुम्हाला वाचता येत नसेल तर मुलाला वाचायला लावा आणि तुम्ही फक्त थांबवा. 'हा का गेला? तिला का रडू आले? तू असतास तर काय केले असतेस?' भाकरी थापता थापता एवढे विचारता येते. भाषा उर्दू असो, मराठी असो, फरक पडत नाही. आणि ज्यांना वाचता येते त्यांनी रोज दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून मुलाला वाचून दाखवावे. त्याला स्वतःला वाचता येऊ लागले, तरीही. मूल वाचायला शिकले की आपण त्याला वाचून दाखवणे बंद करतो, तिथेच चुकतो.

फराहींचा हिशेब मला पटतो. ज्याच्याजवळ निसाबाइतके शब्द जमले, त्याच्यावर जकात लागू झाली. तुम्ही हा लेख इथपर्यंत वाचला आहे, म्हणजे तुमचा निसाब केव्हाच पूर्ण झालेला आहे. आज रात्री घरातल्या एका मुलाला जवळ बसवा, एक गोष्ट मोठ्याने वाचा, आणि मध्येच थांबा.